देवाच्या वेळेची वाट पाहताना नेमकं काय करायचं

रविवारची उपासना सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर एक संवाद हमखास कानावर पडतो. "मुलाच्या नोकरीचं काय झालं हो?" "बघू, देवाची वेळ आली की होईल." हे वाक्य कुणी मनापासून म्हणतं, कुणी विषय संपवायला. मी ते दोन्ही तऱ्हांनी म्हटलं आहे, कारण लग्नानंतर अकरा वर्षं आमच्या घरी मूल नव्हतं.

त्या अकरा वर्षांत 'प्रभूची वाट पाहा' असं कुणी सांगितलं नाही असा महिना गेला नसेल. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण वाट पाहायची म्हणजे सकाळी उठून काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं. ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. काही शास्त्रातून, काही आमच्या पाळकसाहेबांकडून आणि बरंचसं आजीच्या एका चोपडीतून. इथे ते क्रमानं मांडते आहे. तुम्ही नोकरीची, लग्नाची, आजारातून बरं होण्याची किंवा घरच्या माणसाच्या मनपरिवर्तनाची वाट पाहत असाल, तर यातलं जे लागू पडेल ते घ्या.

आधी एक शब्द समजून घेऊ

नव्या करारात वेळेसाठी मुख्यतः दोन ग्रीक शब्द येतात. क्रोनॉस म्हणजे दिवस, महिने, वर्षं असा मोजता येणारा काळ. कैरॉस म्हणजे एखादी गोष्ट घडायची नेमकी घटका. प्रेषितांची कृत्ये १:७ मध्ये प्रभू येशू शिष्यांना सांगतो की काळ आणि समय पित्यानं स्वतःच्या अधिकारात ठेवले आहेत. तिथे हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. मराठी माणसाला हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' असं आपण सहज म्हणतो. फरक इतकाच की आपल्या म्हणीतली वेळ कुणाच्या हातात आहे ते म्हण सांगत नाही. शास्त्र सांगतं. एकतिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की माझे दिवस तुझ्या हाती आहेत. म्हणून खाली जे काही लिहिलं आहे ते नशिबावर हवाला ठेवून बसण्याबद्दल नाही. ज्याच्या हाती दिवस आहेत त्याच्याशी रोज बोलत राहण्याबद्दल आहे.

पायरी १: मागणी एका ओळीत लिहा आणि तारीख घाला

माझ्या आजीकडे किराणा दुकानदाराकडे असते तसली लाल कापडी बांधणीची लांबट चोपडी होती. डाव्या पानावर ती मागणी लिहायची, वर तारीख. उजवं पान कोरं. उत्तर आलं की त्याच ओळीसमोर तारीख आणि 'प्रभूची स्तुती'. चौथी शिकलेली बाई, अक्षर मोठं आणि थोडं डावीकडे कललेलं. "धाकट्याची दारू सुटावी. १४ जून १९८७." बस, एवढंच.

मी हे करायला बसले तेव्हा पहिल्यांदा लिहिलं, 'प्रभू, सगळं ठीक कर.' पण याचं उत्तर आलेलं ओळखणार कसं? मग लिहिलं, 'आम्हाला मूल होऊ दे.' दोन दिवसांनी त्याखाली आणखी एक ओळ आपोआप उतरली: 'बारशाला बोलावलं की लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती थांबू दे.' तोवर मला वाटत होतं की माझी मागणी एकच आहे. त्या दोन होत्या, आणि रात्री रडू यायचं ते दुसरीमुळे. दुसरीसाठी अकरा वर्षं थांबायची गरजच नव्हती, तिच्यावर देवानं पुष्कळ आधी काम सुरू केलं.

म्हणून घाई न करता, आठवडाभर वेळ देऊन लिहा. हबक्कूक संदेष्ट्यालाही परमेश्वरानं आधी दृष्टान्त पाट्यांवर स्पष्ट लिहायला सांगितलं, आणि विलंब लागला तरी वाट पाहा हे त्यानंतर सांगितलं.

पायरी २: आपला वाटा कोणता, देवाचा कोणता

याकोबाच्या पत्रात (५:७) धीराचं उदाहरण म्हणून शेतकरी येतो. पहिला आणि शेवटला पाऊस मिळेपर्यंत तो धीर धरतो. इस्राएल देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, उन्हाळ्यानं टणक झालेली जमीन मऊ होते आणि पेरणी करता येते. शेवटला पाऊस मार्च-एप्रिलात, कणसात दाणा भरायला. मधले महिने हा शेतकरी ओट्यावर बसून काढत नाही.

आमच्या नगरकडच्या माणसाला हे रब्बीच्या ज्वारीवरून कळेल. वखरणी, पेरणी, खुरपणी, पाखरांची राखण हे सगळं आपलं. दाण्यात चीक भरणं आपलं नाही. कणीस ओढून दाणा लवकर भरत नाही. आणि एक गोष्ट मला फार आवडते: हुरड्याच्या दिवसांत त्या ज्वारीची भाकरी होत नाही, आणि भाकरीची ज्वारी झाली की तिचा हुरडा होत नाही. मधल्या टप्प्यालाही त्याचं स्वतःचं देणं असतं, ते त्याच दिवसांत घ्यावं लागतं.

तेव्हा वहीत मागणीखाली दोन ओळी ओढा. नोकरी हवी आहे: अर्ज भरणं, अभ्यास करणं, चार ओळखीच्या माणसांना सांगणं हा आपला वाटा. कुणी निवडावं हा देवाचा. लग्न जमायचं आहे: स्थळं पाहणं, नीट चौकशी करणं आपलं. दुसऱ्याच्या मनात होकार येणं आपलं नाही.

आजाराबाबत मी जरा जोर देऊन लिहिते. 'देवाच्या वेळेवर भरवसा आहे' म्हणून औषध बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत. २ राजे, अध्याय २० वाचा. हिज्कीया राजाला आणखी पंधरा वर्षं आयुष्याचं वचन परमेश्वराकडून मिळालं होतं. वचन मिळाल्यावरही यशया संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. वचन आणि लेप एकाच परिच्छेदात आहेत. मधुमेहाची गोळी घेऊन प्रार्थना केली तर प्रार्थनेत काही उणं येत नाही.

तसंच, घरात मारहाण होत असेल तर 'तो बदलेल, प्रभूची वेळ येऊ दे' म्हणून मार खात राहणं हा वाट पाहण्याचा भाग नाही. दावीद त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाच्या भाल्यासमोर बसून राहिला नाही, तो निसटला. आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा. त्याच्या मनपरिवर्तनासाठी प्रार्थना तिथूनही करता येते.

पायरी ३: देवाला 'कुठवर?' असं विचारा

तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत 'कुठवर' हा प्रश्न चार वेळा आला आहे. हे स्तोत्र उपासनेत म्हणण्यासाठी ठेवलं गेलं, म्हणजे देवाला हा प्रश्न चालतो.

योहान ११ मध्ये तर याहून पुढची गोष्ट आहे. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावरही येशू होता तिथेच दोन दिवस राहिला. तो बेथानीला पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. लाजराची बहीण मार्था त्याला गावाबाहेर भेटली आणि म्हणाली, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरीया आली, तिनंही अगदी हेच म्हटलं. मला नेहमी वाटतं, ते चार दिवस दोघी बहिणी एकमेकींशी हेच बोलत असतील. प्रभूनं दोघींपैकी एकीलाही 'अविश्वासानं बोलू नकोस' म्हटलं नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलला, मरीयेचं रडणं पाहून तो स्वतः रडला. पाच मिनिटांनी लाजराला जिवंत करणार आहे हे ठाऊक असूनही रडला.

म्हणून रोजच्या प्रार्थनेत पहिली काही मिनिटं तक्रारीला द्या. मोठ्यानं, आपल्या घरच्या बोलीत. नंतर त्याच स्तोत्राच्या शेवटाकडे या, जिथे दावीद देवाच्या दयेवर भरवसा ठेवल्याचं सांगतो. आधीचा भाग गाळून एकदम शेवटावर उडी मारली की ती स्तुती घशातच अडकते. निदान माझी तरी अडकायची.

जाता जाता, वाट पाहणाऱ्या माणसाला भेटायला जाणाऱ्यांसाठी: तुमच्या तोंडून 'देवाची वेळ' हा शब्द पहिल्या भेटीत नाही आला तरी चालेल. डबा घेऊन जा.

पायरी ४: घाईची परीक्षा

ही सर्वांत अवघड पायरी, कारण घाई कधी घाईसारखी दिसत नाही. ती जबाबदारीसारखी दिसते.

१ शमुवेल १३ पाहा. शमुवेल संदेष्ट्यानं शौल राजाला गिलगालात सात दिवस थांबायला सांगितलं होतं. समोर पलिष्ट्यांचं सैन्य, मागे घाबरून गुहांमध्ये आणि खड्ड्यांमध्ये लपणारे आपले लोक. सातवा दिवस उजाडला, शमुवेल नाही. माणसं पांगायला लागली. शमुवेलानं येऊन करायचं होमार्पण शौलानं स्वतःच केलं. आणि ते आटोपतं न आटोपतं तोच शमुवेल आला. शौलाचं उत्तर वाचताना अंगावर काटा येतो, कारण ते आपलंच उत्तर आहे: लोक मला सोडून चालले होते, तुम्ही वेळेवर आला नाहीत, शत्रू जमला होता, म्हणून मन मारून मी ते केलं. तिन्ही कारणं खरी होती, तो खोटं बोलत नव्हता. त्यानं सहा दिवस आणि सातव्यातला बराचसा भाग थांबूनही दाखवलं होतं.

अब्राहामाचंही असंच. हारान सोडलं तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. दासी हागारेला त्याच्यापासून इश्माएल झाला तेव्हा शहाऐंशी. म्हणजे संततीचं वचन ऐकून दहा वर्षं थांबल्यावर त्याची बायको सारे हिनं दासीचा मार्ग सुचवला, जो त्या काळच्या रीतीत बसणारा होता. वचनातला मुलगा इसहाक झाला अब्राहाम शंभर वर्षांचा असताना. वाईट माणसांनी घाई केली अशा या गोष्टी नाहीत. बराच काळ नीट थांबलेल्या, दमलेल्या माणसांच्या आहेत.

एन-गेदीच्या गुहेत मात्र उलट घडलं. दाविदाच्या जिवावर उठलेला शौल एकटाच त्याच गुहेत आला. सोबतचे म्हणाले, हाच तो दिवस, परमेश्वरानं शत्रू तुझ्या हाती दिला आहे. संधी समोर होती, सोबत्यांचा एकमुखी सल्ला होता, आणि राजा होण्याचा अभिषेक तर कधीच झालेला होता. दाविदानं झग्याचा काठ कापला आणि तेवढ्यानंही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. दार उघडं दिसलं म्हणजे ते आपल्यासाठीच उघडलं आहे असं नसतं.

एखादी वाट समोर आली की मी स्वतःला विचारते: यासाठी मला खोटं बोलावं लागेल का, काही लपवावं लागेल का, कुणाला तुडवावं लागेल का? हे पाऊल मी आणखी पंधरा दिवसांनी टाकलं तर काय बिघडेल? आणि ज्याला माझ्या निर्णयातून काही मिळणार नाही, अशा एका प्रौढ विश्वासणाऱ्या माणसाला मी हे मोकळेपणानं सांगू शकते का? तिसऱ्या प्रश्नावर मी दोनदा अडले आहे. दोन्ही वेळा बरं झालं.

पायरी ५: तारीख देणाऱ्यांपासून जपा

यिर्मया २८ आणि २९ हे अध्याय सलग वाचा. यरुशलेमेतून बाबेलात धरून नेलेल्यांबद्दल हनन्या नावाच्या संदेष्ट्यानं मंदिरात सर्वांसमोर सांगितलं की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं. संदेष्टा यिर्मया आधी म्हणाला, आमेन, परमेश्वर असंच करो. त्यालाही तसं व्हायला हवंच होतं. पण खरा आकडा सत्तर वर्षांचा होता.

आजही 'या महिन्याअखेर तुमचं काम होणार' असं सांगणारे भेटतात, कधी सभेत, कधी व्हॉट्सॲपवर. असं वचन मिळालं तर तेही तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि त्यावर कर्ज काढू नका, नोकरी सोडू नका. तारखेबरोबर पैशाचीही मागणी आली तर संवाद तिथेच थांबवा.

पायरी ६: मधल्या दिवसांत घर बांधा

यिर्मयानं बंदिवानांना पत्रात काय लिहिलं? घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आपण भिंतीवर लावतो ते 'भविष्य आणि आशा' असलेलं वचन (२९:११) याच पत्रातलं आहे, बागा लावा या आज्ञेनंतरचं.

योसेफ सतराव्या वर्षी विकला गेला, तिसाव्या वर्षी मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला. तेरा वर्षं. तुरुंगात एका सकाळी त्यानं फारोच्या प्यालेबरदाराला आणि आचाऱ्याला विचारलं, आज तुमचे चेहरे उतरलेले का? स्वतः अन्यायानं आत पडलेला माणूस दुसऱ्याचा चेहरा वाचतो आहे. त्या प्रश्नातून स्वप्नांची गोष्ट निघाली, आणि तिचा धागा पुढे राजवाड्यापर्यंत गेला, तोही सुटल्यावर प्यालेबरदार त्याला पुरती दोन वर्षं विसरला त्यानंतर.

आपल्या मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठी बायबलचं काम हाती घेतलं. ते वर्षानुवर्षं चाललं, छपाईसुद्धा तिथल्याच बायका-मुली करत. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही काम हातून खाली ठेवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा अनुवाद पूर्ण झालेला होता.

तुमच्यासाठी हे एवढं मोठं नसेल. मी रविवारशाळेतला एक वर्ग घेतला. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणं सुरुवातीला जड गेलं. दोन महिने मी घरी येऊन दार लावून बसायचे, मग ते थांबलं.

वाट दुसऱ्याच्या मनाची असेल तर

नवरा, मुलगा, आई विश्वासात यावी म्हणून थांबलेल्यांना रेव्हरंड ना. वा. टिळकांचं घर आठवावं. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांकडे राहिल्या, काही वर्षं ताटातूट झाली. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्या आपलं सोवळंओवळं पाळत होत्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, स्वतःच्या पायांनी चालत, स्वतःच्या मनानं. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य अपुरं होतं, आणि ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. वादात हरवून आणलेल्या माणसाकडून असं काम होत नाही. अशा वेळी घरात वचनं ऐकवणं कमी करा, प्रार्थना वाढवा.

पायरी ७: दर वर्षी मागणी पुन्हा वाचा

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारांपैकी पहिला मी यासाठी ठेवला आहे, कारण तो काळच वाट पाहण्याचा आहे. ओळ वाचायची आणि विचारायचं: ही अजून माझी मागणी आहे का? उत्तर 'नाही' असं आलं आहे का? पौलानं देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, आणि 'माझी कृपा तुला पुरे' हे उत्तर मिळालं. तो चौथ्यांदा तेच मागताना दिसत नाही.

आमच्याही घरी तसं झालं. नवव्या वर्षी आम्ही दोघांनी दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं. कागद भरून बाहेर आलो तेव्हा मला हरल्यासारखं वाटत होतं, ते लपवत नाही. रिक्षात आम्ही एक शब्द बोललो नाही. त्यानंतर आणखी दोन वर्षं. मग एका पावसाळी सकाळी दीड वर्षाची मुलगी माझ्या कडेवर दिली गेली आणि तिनं माझ्या ओढणीचं टोक तोंडात घातलं. त्या रात्री मी वही काढली आणि उजव्या पानावर तारीख घातली.

उत्तर आलं की

यार्देन ओलांडल्यावर इस्राएलांनी नदीतून बारा धोंडे उचलून गिलगालात उभे केले, पुढे मुलांनी 'हे कशाचे?' विचारावं म्हणून. तुम्हीही तुमची साक्ष मंडळीत सांगा, पण वर्षांसकट सांगा. 'मी मागितलं आणि मिळालं' एवढंच सांगितलं तर मागच्या बाकावर सातव्या वर्षात असलेल्या बाईला वाटतं की आपलंच काही चुकतं आहे.

काही उत्तरं आपण पाहणारही नाही. इब्री लोकांस पत्र, अध्याय ११, हे मोकळेपणानं सांगतं की कितीतरी जण वचनांचं फळ न मिळता, ते दुरून पाहूनच मेले. आजी १९९८ ला गेली. धाकट्या काकांची दारू २००४ मध्ये सुटली. १४ जून १९८७ च्या ओळीसमोर माझ्या वडिलांचं अक्षर आहे, बारीक आणि सरळ.

ती चोपडी आता माझ्याकडे आहे. अजून सात ओळींसमोरचं पान कोरं आहे, त्यातली तीन माणसं हयात आहेत. बुधवारी रात्री जेवणं झाली की आम्ही तिघं त्यांची नावं घेतो. मुलगी आता वाचायला शिकली आहे, तारखा तीच वाचते.